वाफेचा हिशेब

उंब्रजच्या टापूत वाढलेल्या माणसाला वाफ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. तारळी जेथे कृष्णेला मिळते त्या परिसरात हिवाळा आला की गुऱ्हाळे लागत, आणि काहिलीवरची वाफ पहाटेच्या धुक्यात मिसळून जाई. चुलवणात चिपाड सारणारा गडी घामाने भिजलेला, आणि गुळव्या रसाच्या रंगाकडे डोळे लावून बसलेला, हे चित्र आम्ही लहानपणापासून पाहत आलो. उसाच्या शंभर किलो रसात ऐंशीएक किलो नुसते पाणीच असते. गूळ करावयाचा म्हणजे मुख्यतः हे पाणी उडवावयाचे. त्याला जळण किती लागेल याचा अंदाज गुळव्याच्या मनात पक्का असे. कागद-पेन्सिलीची त्याला गरज पडत नसे.

परंतु काहील उघडी असते, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे. तीच काहील लोखंडी झाकणाने बंद करून चारी बाजूंनी रिव्हेट मारून टाकली आणि खाली जाळ तसाच चालू ठेविला तर काय होईल? पाणी तेच, जळणही तेच. तरी एका ठिकाणी गूळ होतो आणि दुसऱ्या ठिकाणी माणसे मरतात. हा फरक जगाला कसा कळला, तो कळावयास किती वर्षे लागली, आणि कळल्यावरही तो कामगारापर्यंत पोहोचला की नाही, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

प्रथम उघड्या भांड्याचा हिशेब पाहू. एक किलो पाणी एका अंशाने तापवावयास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तीस अंशांचे पाणी शंभर अंशांपर्यंत नेण्यास सत्तर किलोकॅलरी पुरतात. येथपर्यंत सर्व सरळ आहे. पण उकळी फुटल्यावर त्याच पाण्याची वाफ करावयास आणखी पाचशे एकोणचाळीस किलोकॅलरी खर्चाव्या लागतात, आणि एवढे सगळे होईपर्यंत तापमापकाचा पारा जागचा हलत नाही. मग ही उष्णता गेली कोठे?

हा प्रश्न स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी १७६२ च्या सुमारास विचारला. त्यांचा प्रयोग आपल्या घरच्या चुलीवरही करता येण्याजोगा आहे. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर त्यांनी पाण्याचे पसरट भांडे ठेविले आणि घड्याळ समोर घेतले. पाणी उकळावयास सुमारे चार मिनिटे लागली. सगळे पाणी आटून जावयास त्यानंतर सुमारे वीस मिनिटे लागली. जाळ तोच, तेव्हा आटविण्यास उकळविण्याच्या पाचपट उष्णता लागली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांचा आकडा आपल्या मापात मांडला तर साडेचारशेच्या आसपास येतो. आजचा आकडा पाचशे एकोणचाळीस आहे. एक पत्रा, एक भांडे आणि एक घड्याळ एवढ्याच साधनांवर काढलेले हे उत्तर आहे हे लक्षात घेता ब्लॅकच्या बुद्धीचे कौतुक वाटते. वाफेत दडून बसणाऱ्या या उष्णतेला त्यांनी 'गुप्त उष्णता' असे नाव दिले. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा एक कारागीर होता, त्याचे नाव जेम्स वॅट. प्राध्यापक आणि कारागीर यांची मैत्री जडली, आणि १७६९ साली वॅटने आपल्या सुधारलेल्या वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले.

आता बंद टाकीकडे वळू. समजा, एक हजार लिटरची एक भक्कम, न फुगणारी टाकी आहे. आतील हवा काढून टाकली आहे आणि तीत तीस अंशांचे एक किलो पाणी आहे. खालून जाळ लावला. सर्व पाण्याची वाफ होण्यास किती उष्णता लागेल? उघड्या भांड्यात सहाशे नऊ लागली होती. येथे सुमारे पाचशे सत्तावन्न पुरते! कमी का? उघड्या भांड्यातील वाफेला बाहेरची हवा ढकलून स्वतःसाठी जागा करावी लागते, त्या ढकलण्यात तिची चाळीसएक किलोकॅलरी खर्च होते. बंद टाकीच्या भिंती हलत नाहीत, तेव्हा तो खर्च वाचतो. शिवाय हवा काढलेल्या टाकीत थोडी वाफ आधीपासूनच असते. शेवटचा थेंब वाफ होतो त्यावेळी आतील तापमान सुमारे एकशे सोळा अंश असते आणि दाब वातावरणाच्या पावणेदोनपट असतो. भिण्यासारखे काही नाही.

आता तेवढेच पाणी शंभर लिटरच्या टाकीत घाला. या वेळी उष्णता लागते सुमारे पाचशे एकोणनव्वद. म्हणजे पहिल्या टाकीपेक्षा बत्तीस किलोकॅलरी जास्त, शेकडा सहाच्या आत. जळणात मूठभराचा फरक. पण आतील तापमान आता दोनशे बारा अंशांवर गेलेले असते, आणि दाब वीस वातावरणांवर! चुलीपाशी बसलेल्या माणसाला दोन्ही टाक्या सारख्याच दिसतात. जाळही जवळजवळ सारखाच आहे. एकीशेजारी निर्धास्त झोपावे, आणि दुसरीची एक रिव्हेट सुटली तर सबंध छप्पर उडावे. उष्णतेच्या हिशेबात जे दिसत नाही ते दाबाच्या हिशेबात दिसते, आणि बॉयलरचा सगळा इतिहास हा दुसरा हिशेब उशिरा शिकल्याचा इतिहास आहे.

तिसरी एक गोष्ट आहे, ती सर्वांत घातक. दहा वातावरणांच्या दाबाखाली बॉयलरातील पाणी एकशे ऐंशी अंशांवर असूनही पाणीच राहते, कारण दाबाने त्याला धरून ठेविलेले असते. पत्रा फाटला की दाब एकदम सुटतो, आणि त्या पाण्याचा सुमारे सातवा हिस्सा निमिषात वाफ होऊन बसतो. एक किलो पाण्यामागे ही वाफ दोनशे लिटरांहून अधिक जागा मागते. बॉयलरात दहा टन पाणी असेल तर काय होईल याचा गुणाकार वाचकांनीच करावा. म्हणून बॉयलरात वाफ थोडी आणि पाणी पुष्कळ असले तरी स्फोटाचे बळ त्या पाण्यातच असते.

बंद भांड्याचा हा स्वभाव ओळखणारा पहिला माणूस देनी पापँ हा फ्रेंच संशोधक. त्याने १६७९ साली लंडनमध्ये हाडे शिजविण्याचे बंद भांडे करून दाखविले. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर तो त्याचाच वंशज. पापँने त्या भांड्याला वजनाने दाबून धरलेली एक झडप बसविली होती; आत दाब वाढला की ती उचलली जाऊन वाफ बाहेर जाई. सेफ्टी व्हॉल्व्ह तो हाच. कोणत्या तापमानाला वाफेचा दाब किती, याची भरवशाची कोष्टके मात्र फ्रान्समध्ये आंरी रेन्यो याने १८४७ साली प्रसिद्ध केली. म्हणजे झडपेपासून कोष्टकापर्यंत एकशे अडुसष्ट वर्षे गेली. या मधल्या काळात गिरण्या, खाणी, आगबोटी आणि आगगाड्या सर्व वाफेवर चालू लागल्या होत्या.

वॅट हा जास्त दाबाच्या वाफेला भीत असे. रिचर्ड ट्रेव्हिथिक हा कॉर्नवॉलचा धाडसी इंजिनिअर भीत नसे. त्याने जोरदार दाबाची, आटोपशीर आकाराची इंजिने काढली. त्यांतील एकाचा बॉयलर सप्टेंबर १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिच येथे फुटला आणि चौघे दगावले. चौकशीत काय निघाले? इंजिनावर नेमलेला पोरगा जागा सोडून मासे पकडावयास गेला होता, त्याच्या पाठीमागे दुसऱ्याच मजुराने इंजिन थांबविले आणि झडपेवरचा भार तसाच राहिला. दोष पोराच्या माथी बसला. वरिष्ठांच्या भांडवलाचे आणि घाईचे ओझे वाहणाऱ्या यंत्रापाशी एका अजाण पोराला एकटे कोणी ठेविले, हा प्रश्न मागे पडला.

ट्रेव्हिथिकची एक गोष्ट मात्र मोठ्या मनाने मान्य केली पाहिजे. त्याने पोराला दोष देऊन हात झाडले नाहीत. त्याने यापुढे बॉयलरला दोन झडपा बसविण्याचे ठरविले, आणि भट्टीच्या माथ्यावरच्या पत्र्यात शिशाची एक डाट बसविण्याची युक्ती काढली. वर पाणी असेल तोपर्यंत डाट थंड राहते. पाणी खाली गेले की शिसे वितळते, भोकातून वाफ भट्टीत घुसते आणि धोका जाहीर होतो. आज बॉयलर हाऊसमधील प्रत्येक कामगार जिला फ्युजिबल प्लग म्हणून ओळखतो, ती डाट अशी चार माणसांच्या मरणातून जन्माला आली. माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र बांधावे, हा त्यातला धडा होय.

धडा सर्वांनी घेतला असे नाही. १८६५ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी परतणारे सैनिक होते. इंग्लंडात मँचेस्टरच्या कारखानदारांनी १८५४ साली स्वतःची तपासणी संस्था काढली. त्याच १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली, आणि पुढे गिरणगावात धुरांड्यांचे रान माजले. या गिरण्यांच्या पोटात लँकेशायर पद्धतीचे लांबट बॉयलर धडधडत असत. कोकणातून आणि आपल्या सातारा जिल्ह्यातून गेलेली माणसे तेथे कामाला लागली. १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली तेव्हा गिरण्यांची वाफेची इंजिने हळूहळू थांबली. परंतु खळ आणि रंगाच्या खात्यांसाठी बॉयलर राहिलेच.

आपल्या देशात कायद्याला जाग आली ती १८६३ साली. त्या वर्षी कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन अनेक माणसे मेली. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. पण एका प्रांतात चालणारा नियम दुसऱ्यात चालत नसे. अखेर सर्व देशासाठी एक कायदा १९२३ साली झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला. बॉयलरची नोंदणी झाली पाहिजे, ठराविक मुदतीने सरकारी तपासनीसाकडून दाखला घेतला पाहिजे, अपघात झाला तर चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे, अशा त्याच्या मुख्य अटी होत्या. तपासणीत बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून वाढीव दाबाने ताणून पाहतात. वाफेने का नाही? कारण थंड पाणी दबत नाही आणि फुगतही नाही. पत्रा फाटलाच तर चार शिंतोडे उडतात आणि दाब शून्यावर येतो. वरचा सगळा हिशेब ज्याला कळला त्याला या परीक्षेतील शहाणपणही कळेल.

येथे एका योगायोगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कामगारांना अपघाताची भरपाई देणारा कायदाही याच १९२३ सालचा. एका कायद्याने भांडे सांभाळले, दुसऱ्याने माणसाची किंमत मान्य केली. ही मागणी तोपर्यंत जुनी झाली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली. तिच्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा व कायमच्या अपंगाची सोय व्हावी, हीही मागणी होती. रविवार १८९० साली मिळाला. जखमेच्या भरपाईचा कायदा व्हावयास १८८४ पासून एकोणचाळीस वर्षे लागली. पाण्याची वाफ व्हावयास किती उष्णता लागते हे ब्लॅकने वीस मिनिटांत काढले. न्यायाची गुप्त उष्णता याहून फार मोठी असते.

इतिहास येथेच संपवावयाचा तर आम्ही हा विषय निवडलाच नसता. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. हा हिशेब आम्हांला शिकावा लागला तो पंचवीसएक वर्षांपूर्वी, एका कारखान्यातील चौकशीसाठी. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. रात्रपाळीला बॉयलरातील पाणी खाली गेले, फ्युजिबल प्लग वितळला, वाफ भट्टीत शिरली. कोणाला इजा झाली नाही. ट्रेव्हिथिकची डाट दोनशे वर्षांनंतरही कामास आली. काम मात्र दीड दिवस बंद पडले आणि बॉयलर अटेंडंटला निलंबित करण्यात आले. आरोपपत्रात लिहिले होते की, पाणी इतके उतरावयास निदान एक तास लागतो, त्या अर्थी हा मनुष्य तासभर झोपलेला होता. तो शपथेवर सांगत होता की, दहा-पंधरा मिनिटांपूर्वीच आपण गेज ग्लास पाहिली होती आणि पाणी जागेवर होते. घरी म्हातारी आई, शाळेत जाणारी दोन मुले. नोकरी गेली तर दाखलाही डागाळणार, आणि डागाळलेल्या दाखल्याचा अटेंडंट कोणी ठेवीत नाही.

आम्ही एका सेवानिवृत्त अटेंडंटकडे गेलो. त्यांनी वाफेच्या कोष्टकांचे जुनेर पुस्तक काढले आणि म्हणाले, "दादा, रडू नका, मोजा." मग आम्ही मोजले. कोळशाच्या वहीत ताशी एक टन कोळसा लिहिलेला होता. किलोला साडेचार हजार किलोकॅलरी धरली तर टनामागे पंचेचाळीस लाख. त्यांतली शेकडा सत्तर पाण्याला पोहोचते असे धरले तर साडेएकतीस लाख. साठ अंशांच्या पाण्यापासून दहा वातावरणांची एक किलो वाफ करावयास सहाशे चार किलोकॅलरी लागतात. भागाकार केला, ताशी सुमारे पाच हजार दोनशे किलो वाफ. आता पाण्याचा पृष्ठभाग दहा चौरस मीटर, आणि नेहमीच्या पातळीपासून प्लगच्या पातळीपर्यंत उतार बारा सेंटिमीटर. तापलेले पाणी हलके असते, हे धरून त्याचे वजन भरले एक टनाच्या थोडे वर. पंप बंद पडला असेल तर एवढे पाणी संपावयास वेळ किती? बारा मिनिटे!

म्हातारबुवा तेवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, "पंप थांबला की साठ अंशांचे पाणी यायचे थांबते. मग सगळा जाळ आधीच तापलेल्या पाण्याला मिळतो. त्याला नुसती गुप्त उष्णता पाहिजे." एकशे ऐंशी अंशांवर ती चारशे एक्याऐंशी असते. पुन्हा भागाकार केला, तर वेळ दहा मिनिटांच्याही आत आला. ज्या कोष्टकावर बॉयलर विकत घेतला जातो त्याच कोष्टकाने साक्ष दिली की, तो मनुष्य खरे बोलत होता.

चौकशी अधिकारी सरळ गृहस्थ होते. त्यांनी आकडे स्वतः ताडून पाहिले. पंपाच्या झडपेत क्षार साचून ती अडकल्याचे पुढे निघाले. पाणी उतरल्याची सूचना देणारी शिट्टी नादुरुस्त होती, आणि तशी नोंद त्याच अटेंडंटने आठवड्यापूर्वी वहीत केलेली होती. ती कोणी वाचली नव्हती. निलंबन रद्द झाले. मधल्या दिवसांचा पगार मात्र वर्षभर भांडून मिळाला. ग्रिनिचच्या पोरासाठी असा भागाकार करावयास कोणी नव्हते, एवढाच फरक.

आज आपल्या आसपासची स्थिती पाहा. कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे आहेत. गुऱ्हाळाच्या काहिलीत एकदा उडालेली वाफ वाया जात असे. कारखान्यात तीच वाफ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेऊन पुन्हा पुन्हा कामाला लावतात. ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकेतील कृष्णवर्णीय इंजिनिअरची, १८४३ सालची. जळण वाचले, साखर शुभ्र झाली, आणि सर्व भार बंद भांड्यांवर आला. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ साली संसदेने नवा बॉयलर कायदा केला. किरकोळ कसुरींना त्यात तुरुंगाऐवजी दंड आहे, जीवित-वित्तहानीच्या कसुरींची फौजदारी जबाबदारी कायम आहे. कायद्याची अक्षरे ठीक आहेत. परंतु मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा लोकांच्या तोंडी प्रथम 'बॉयलर फुटला' हेच शब्द आले. बोलणे पुढे रिॲक्टरवर गेले. कायद्याच्या पुस्तकात बॉयलर निराळा आणि रिॲक्टर निराळा असेल, पण बंद भांड्यातील दाबाला पुस्तकातील नावे वाचता येत नाहीत.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. गुळव्याला आपल्या काहिलीचा हिशेब येत होता, कारण काहील त्याच्या डोळ्यांसमोर उघडी होती. बंद भांड्याशी काम करणाऱ्याला तो हिशेब मुद्दाम शिकविला पाहिजे. दाखल्याच्या परीक्षेपुरता नव्हे, तर रात्री दोन वाजता काच रिकामी दिसली म्हणजे आपल्या हातात किती मिनिटे आहेत हे त्याला सांगता येईल इतका. आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात मागणीपत्र कसे लिहावे हे शिकवितात. त्याच वर्गात आम्ही आता हा भागाकारही शिकवितो. फळ्यावर पहिली ओळ आम्ही नेहमी एकच लिहितो : बारा सेंटिमीटर, दहा मिनिटे.